मदत हवी आहे: छोट्या कॉन्फरन्सचा क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये चालेल का, हे ओळखायचं कसं?

इरीकाठचा
मंडळी, इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे नक्की किती आहेत माहीत नाही पण सुपर बोलच्या धाग्यावर बरेच आयडी दिसले होते म्हणून विचारतोय. ऑफिसातल्या लोकांबरोबर डायनेस्टी फँटसी लीग खेळतो, म्हणजे प्लेअर एकदा घेतला की आपण सोडेपर्यंत आपलाच, दरवर्षी फक्त नव्या रूकीजचा ड्राफ्ट होतो. माझ्या टीममध्ये क्वार्टरबॅकची (पास फेकून टीमचा खेळ चालवणारा) बोंब आहे. पिक (निवडायची पाळी) आहे पहिल्या राउंडच्या शेवटी, तोपर्यंत एसईसी आणि बिग टेन या कॉलेज फुटबॉलच्या बड्या कॉन्फरन्सेसची (टीमच्या गटांची) मोठी नावं उडालेली असतात आणि उरतात ते मॅक, सन बेल्ट, माउंटन वेस्ट अशा छोट्या कॉन्फरन्सचे, नाहीतर थेट एफसीएसवाले (कॉलेज फुटबॉलची खालची पायरी).

त्यात माझं एमएस ओहायोतल्या मॅकच्याच एका युनिव्हर्सिटीतून झालंय. नोव्हेंबरात मंगळवार-बुधवारच्या रात्री कुडकुडत मॅक्शन (मॅकच्या मॅचेस) बघितलेला माणूस आहे मी, त्यामुळे मॅकचा पोरगा दिसला की जीव जडतोच, आणि ऑफिसातले लोक नेमकं तेच बोलतात की तू फॅन म्हणून घेतोस, डोकं लावून नाही.

आकडे बघावेत तर डोकं अजून फिरतं. बेली झॅपीने वेस्टर्न केंटकीला 2021 मध्ये 62 टचडाउन आणि 5,967 यार्ड मारले, एफबीएसचा (कॉलेजची वरची पायरी) रेकॉर्ड, तरी ड्राफ्टमध्ये चौथ्या राउंडला गेला. आणि जॉश अ‍ॅलनने वायोमिंगला शेवटच्या सीझनला 16 टचडाउन, कंप्लीशन (नीट पोचलेले पास) 56 टक्क्यांच्या आसपास, तो 2018 ला सातवा पिक, आणि पुढे 2024 चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). मग आकडे बघायचेच नाहीत का? की छोट्या कॉन्फरन्सचे आकडे अमुक टक्के कापून बघायचे असा काही हिशोब आहे? जाणकारांनी प्लीज सांगा, नुसतं "टेप (मॅचचे व्हिडिओ) बघ" म्हणू नका, टेपमध्ये काय बघायचं तेच कळत नाही.

निशाचर पुणेकर
मी बघतो! रविवारी रात्री साडेदहाला (थंडीत साडेअकराला) पहिली मॅच लागते, सोमवारी ऑफिसात डोळे लाल. मॅक्शन मात्र बुधवारी पहाटे साडेपाचला येतं, तेवढी निष्ठा नाही बुवा.

माझा साधा हिशोब, रणजीच्या प्लेट ग्रुपमध्ये पोत्याने रन काढणाऱ्याला आपण लगेच टेस्टमध्ये घेतो का? नाही ना. तसंच हे. मोठ्या कॉन्फरन्सचाच घ्यावा.

आकडेमोड्या
पुणेकर, हा हिशोब वाटतो तेवढा सरळ नाही. बेन रॉथलिसबर्गर मायामी ऑफ ओहायोचा, म्हणजे मॅकच. 2004 ला अकरावा पिक, दोन सुपर बोल. जो फ्लॅको डेलावेअरचा, एफसीएस, सुपर बोलचा एमव्हीपी. कर्ट वॉर्नर नॉर्दर्न आयोवाचा, त्याला तर ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंच नव्हतं. आणि उलट बाजूला ब्लेक बॉर्टल्स, पॅक्स्टन लिंच, झॅक विल्सन, ट्रे लान्स. दोन्ही याद्या लांबवता येतात, त्यामुळे कॉन्फरन्सच्या नावावरून फार काही कळत नाही.

आणि टक्के कापायचा हिशोब तर विसरा. झॅपीचेच बघा ना, तो ह्यूस्टन बॅप्टिस्टहून वेस्टर्न केंटकीला आला तेव्हा त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झॅक किटली आणि लाडका रिसीव्हर जेरेथ स्टर्न्स पण सोबत आले, म्हणजे अख्खं दुकानच उचलून आणलं होतं. सिस्टीम ओळखीची, पास ढीगभर, अर्ध्या वेळा रिसीव्हर मोकळाच. 62 खरेच आहेत, पण त्यातले किती त्याच्या हाताचे आणि किती स्कीमचे हे त्या आकड्यात दिसत नाही. स्काउट लोकांनी हात बघितला, उंची बघितली आणि चौथ्या राउंडला नेला, मला तरी त्यात अन्याय दिसत नाही.

जुनं उदाहरण हवाईच्या कोल्ट ब्रेननचं. 2006 ला 58 टचडाउन, पुढच्या सीझनला टीम 12-0, आणि मग शुगर बोलमध्ये समोर जॉर्जिया आली. 41-10. आठ वेळा सॅक झाला (पास सुटायच्या आधीच पाडला) बिचारा. ज्या रिसीव्हरकडे बॉल जायला हवा तो मोकळा होईपर्यंत डिफेन्सिव्ह एंड छातीवर बसलेला. सहाव्या राउंडला गेला.

इरीकाठचा
म्हणजे मोठ्या टीमविरुद्धच्या मॅचेस बघायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या, असंच ना? ते तर सोपं आहे, सप्टेंबरात प्रत्येक छोटी टीम पैसे घेऊन मार खायला एखाद्या मोठ्या स्टेडियमला जातेच.

चीजवडा
नाही हो, तिथेच लोक फसतात. ग्रीन बेच्या बाजूला राहतो त्यामुळे जॉर्डन लव्हवर माझा पीएचडी झालाय, सांगतो सविस्तर, थोडं लांब होईल.

लव्ह यूटा स्टेटचा, माउंटन वेस्ट. 2018 ला 32 टचडाउन आणि 6 इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास), सगळे खूश. 2019 ला 20 टचडाउन आणि 17 इंटरसेप्शन, त्यात एलएसयूविरुद्ध 42-6 ने हरले आणि त्या एका मॅचमध्ये तीन इंटरसेप्शन. तुमच्या नियमाने तो कटाप. आता मधल्या काळात काय झालं होतं ते बघा, कोच मॅट वेल्स टेक्सस टेकला गेला, बरोबर स्टाफ गेला, ऑफेन्समधले बरेच स्टार्टर संपले, नवीन कोच, नवीन प्लेबुक, नवीन रिसीव्हर. पोरगा तोच होता. आमच्या ग्रीन बे पॅकर्सने 2020 ला ट्रेड करून वर येऊन सव्विसावा पिक खर्च केला तेव्हा आमच्याकडे लोकांनी कपाळ बडवून घेतलं, कारण आधीचा क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स होताच आणि रॉजर्सने त्यानंतर लागोपाठ दोन एमव्हीपी मारले. लव्ह तीन वर्षं बाकावर. 2023 ला स्टार्टर झाला आणि 32 टचडाउन, 11 इंटरसेप्शन, प्लेऑफला डॅलसला त्यांच्याच घरी 48 पॉइंट.

जॉश अ‍ॅलनचं अगदी हेच. 2016 ला वायोमिंगला त्याच्यासोबत रनिंग बॅक ब्रायन हिल, सेंटर चेस रुलिये, रिसीव्हर टॅनर जेंट्री, टाइट एंड जेकब हॉलिस्टर. हिल आणि रुलिये पुढे ड्राफ्ट झाले, बाकी दोघेही एनएफएलपर्यंत पोचले. ही सगळी मंडळी एकदम गेली आणि 2017 ला अ‍ॅलनचे यार्ड 3,203 वरून 1,812 वर. त्याच सीझनला ऑरेगनविरुद्ध 24 पैकी 9 पास. आणि रॉथलिसबर्गर? 2003 च्या पहिल्याच मॅचला आयोवाकडून 21-3 ने हरले, त्यानंतर लागोपाठ तेरा जिंकले.

तर मोठ्या टीमविरुद्ध स्कोअर काय झाला ते सोडा. छोट्या टीमची ओ-लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) आयोवा, एलएसयूपुढे उभी राहणारच नाही, हरणारच. ती मॅच बघायची ती पोरगा वाईट परिस्थितीत करतो काय हे बघायला. पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं कडं) कोसळतंय तेव्हा नजर वर, डाउनफील्ड, की नजर खाली, अंगावर येणाऱ्या रशरकडे? पहिला रिसीव्हर बंद तर दुसऱ्याकडे जातो की लगेच पळ काढतो? तिसऱ्या क्वार्टरला 28 ने मागे असताना पण फेकायचं तिथेच फेकतो की उगाच हिरोगिरी? अ‍ॅलनची हिरोगिरी होतीच म्हणा, पण त्याचा हात असला होता की पन्नास यार्ड अंगावर माणूस घेऊन फेकायचा. सगळ्यांना नाही तो.

टेक्सासची वहिनी
चीजवडा भाऊजी, डॅलसच्या जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आभार 😡

आमचा टोनी रोमो ईस्टर्न इलिनॉयचा, 2003 ला अनड्राफ्टेड, तीन वर्षांनी स्टार्टर. शॉन पेटन तेव्हा डॅलसच्या स्टाफवर होता आणि तो पण त्याच कॉलेजचा क्वार्टरबॅक, म्हणून त्याला हा पोरगा माहीत होता. गारोपोलो पण तिथलाच! एका एवढ्याशा कॉलेजातून.

मला विचाराल तर एकच बघा, किती मॅचेस खेळलाय. ट्रे लान्स नॉर्थ डकोटा स्टेटला 2019 मध्ये 28 टचडाउन आणि शून्य इंटरसेप्शन, ऐकायला काय भारी, पण अख्ख्या कॉलेजात मिळून 318 पास फेकले त्याने. 2020 ला कोविडमुळे एकच मॅच. त्याच्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सनी फर्स्ट राउंडचे तीन पिक आणि वर थर्ड राउंडचा एक दिला आणि तो तिसरा गेला, मग घोटा मोडला, आणि 2023 ला तो आमच्याकडे आला चौथ्या राउंडच्या एका पिकवर. पोराचा दोष नाही हो, त्याला शिकायला मॅचेसच मिळाल्या नाहीत. अँथनी रिचर्डसन तर एसईसीचा होता, फ्लोरिडा, पण स्टार्ट फक्त 13. बघा त्याचं काय चाललंय ते.

निशाचर पुणेकर
बरं वहिनी, मग केलेन मूर? बॉइझी स्टेटला 50 जिंकल्या 3 हरल्या, अनुभव भरपूर, आणि 2012 ला अनड्राफ्टेड. क्वार्टरबॅक म्हणून काहीच नाही.

टेक्सासची वहिनी
हात नव्हता आणि उंची नव्हती. डोकं होतं, म्हणून 2025 ला न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा हेड कोच झाला!

आकडेमोड्या
वहिनींच्या मुद्द्याला जोडून, मी आकड्यांमध्ये एकच गोष्ट आधी शोधतो ती म्हणजे प्रेशर आलं की त्यातल्या किती वेळा सॅक होतो. टचडाउन रिसीव्हरवर अवलंबून, कंप्लीशन स्कीमवर (स्क्रीन फेकत बसलं की कुणाचंही 70 टक्के होतं), पण प्रेशरमध्ये बॉल धरून बसायची सवय ही बरीचशी क्वार्टरबॅकची स्वतःची असते आणि ती वरच्या लेव्हलला सहसा सोबत जाते. मलिक विलिस लिबर्टीचा, पाय विजेसारखे, हात तोफ, पण बॉल फार वेळ धरायचा, सॅक भरपूर. लोक पहिल्या राउंडचं बोलत होते, गेला तिसऱ्याला, 86 वा. टायटन्सकडे काही जमलं नाही, 2024 ला ग्रीन बेला जाऊन लव्ह जखमी असताना दोन मॅचेस स्टार्ट केल्या आणि दोन्ही जिंकल्या. कोचने त्याला सोपं करून दिलं.

आणि झॅक विल्सनची उलट गोष्ट. त्याच्या कॉलेजने, बीवाययूने, 2020 ला कोविडमुळे मोठ्या टीमच्या मॅचेस गेल्यावर मिळेल त्याच्याशी खेळून सीझन काढला. 33 टचडाउन, 3 इंटरसेप्शन, बहुतेक वेळा पॉकेट स्वच्छ, निवांत उभं राहून लांब फेकायचं. न्यूयॉर्क जेट्सनी दुसरा पिक घातला. त्याला प्रेशरमध्ये फारसं कुणी बघितलंच नव्हतं. म्हणून मला मार खाल्लेली टेप आवडते, स्वच्छ टेपची भीती वाटते.

इरीकाठचा
हे भारी आहे, थँक्यू सगळ्यांना. माझ्या मनात जो पोरगा आहे (नाव नाही सांगत, लीगमधला एक जण मराठी वाचतो 😀) त्याच्या दोन मॅचेस यूट्यूबवर कालच परत बघितल्या, प्रत्येक थ्रो कापून लावलेले व्हिडिओ असतात ते. पहिला रीड (ज्याच्याकडे आधी बघायचं तो रिसीव्हर) बंद झाला की पळतोच, जवळजवळ दरवेळी. पण थर्ड अँड लाँगला (तिसरा प्रयत्न, बरेच यार्ड बाकी) साइडलाइनला जे दोन-तीन फेकलेत ते कुठल्याही लेव्हलला पास व्हावेत. तीन वर्षं स्टार्टर आहे, ओ-लाइन भिकार. आता?

चीजवडा
आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो दहा वर्षांपूर्वी कुणी विचारला नसता. तो अजून तिथेच का आहे?

2021 पासून ट्रान्सफर केलं की लगेच खेळता येतं आणि एनआयएलचे (स्वतःचं नाव-चेहरा वापरू दिल्याचे) पैसे पण मिळतात, त्यामुळे छोट्या कॉलेजात कुणी चमकला की मोठी कॉलेजं उचलून नेतात. कॅम वॉर्ड बघा, इन्कारनेट वर्डला एफसीएसमध्ये सुरुवात, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी (फ्लोरिडावालं), आणि 2025 ला पहिला पिक. आजचा रॉथलिसबर्गर ऑक्सफर्ड, ओहायोमध्ये शेवटपर्यंत थांबला असता का? मला नाही वाटत. म्हणजे आज मॅकमध्ये चौथ्या वर्षीही असलेला पोरगा हा एकतर घरच्यासारखं वाटतं म्हणून थांबलाय, नाहीतर मोठ्या कॉलेजांनी त्याचा व्हिडिओ बघून नको म्हटलंय. दुसरं असेल तर त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त माहिती होती हे धरून चाला. जुन्या उदाहरणांवर फार विसंबू नका, तो जमाना गेला.

इरीकाठचा
त्याला ऑफर होत्या म्हणे, बिग ट्वेल्व्हमधून. कोचसाठी थांबला असं लोकल पेपरमध्ये आलं होतं.

आकडेमोड्या
पेपरमध्ये असंच येतं. सिनियर बोलला (ड्राफ्टआधीची निवडक कॉलेज खेळाडूंची मॅच) बोलावलंय का बघा. मोबील, अलाबामाला आठवडाभर मोठ्या कॉलेजांच्या पोरांसमोर प्रॅक्टिस असते, नॉर्थ डकोटा स्टेटचा कार्सन वेन्ट्झ, अ‍ॅलन, लव्ह सगळे तिथे जाऊन आले. मॅचपेक्षा प्रॅक्टिसचे रिपोर्ट वाचा, वेगळा रिसीव्हर, वेगळा सेंटर, कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारे) दुप्पट वेगाचे, त्यात पहिल्या दिवशी बॉल उशिरा सुटतो आणि तिसऱ्या दिवशी वेळेवर सुटतो का, हे बघायचं. अ‍ॅलन एनएफएलमध्ये पहिल्या सीझनला 52.8 टक्के, मग 58.8, आणि 2020 ला रिसीव्हर स्टेफन डिग्ज आल्यावर 69.2. असं सुधारणारे फार थोडे. पण जे सुधारतात त्यांची चढण आधीपासून कुठेतरी दिसते असं माझं मत आहे.

टेक्सासची वहिनी
आणि कुठली टीम घेते ते बघितल्याशिवाय पिक टाकू नका! रॉथलिसबर्गरला पिट्सबर्गचा डिफेन्स आणि रनिंग गेम मिळाला, पहिल्या सीझनला स्टार्टर म्हणून 13-0. तोच पोरगा त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या मोडक्या टीमला गेला असता तर आपण इथे त्याचं नाव घेतलं असतं की नाही कोण जाणे. तुमचा रूकी ड्राफ्ट खऱ्या ड्राफ्टनंतर असतो ना?

इरीकाठचा
हो, मे मध्ये. म्हणजे टीम आणि राउंड दोन्ही कळलेलं असेल.

चीजवडा
मग अर्धं काम झालं. सुपरफ्लेक्स आहे का? आणि टॅक्सी स्क्वॉड (न खेळवता राखून ठेवायचे प्लेअर) किती?

इरीकाठचा
सुपरफ्लेक्स आहे, दोन क्वार्टरबॅक लावता येतात. टॅक्सीवर तीन जागा, दोन सीझन ठेवता येतं.

चीजवडा
एनएफएलने पहिल्या दोन राउंडात घेतला तर तुमचा फर्स्ट राउंडचा पिक लावा, सुपरफ्लेक्समध्ये तो तसाही तुमच्या सेकंड राउंडपर्यंत उरणार नाही. तिसऱ्या राउंडला किंवा खाली गेला तर तुमच्या सेकंडच्या आधी हात लावू नका, टॅक्सीवर टाका आणि विसरून जा. त्या फर्स्टवर रनिंग बॅक घ्या. आणि ऑफिसात मॅकचं नाव काढू नका, भाव वाढवून ट्रेड मागतील तुमच्याकडे.