आयव्हीआयजी चालू असलं तरी थांबू नका
भाच्याला 'स्किड' (जन्मजात, रोगप्रतिकारशक्ती जवळपास नसण्याचा आजार) निघालंय, आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी तयार प्रतिपिंडं) चालू आहे, मग अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची घाई कशाला, असं एकांनी विचारलंय. घाई हवीच हो! आयव्हीआयजीतून मिळतात ती फक्त प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं. टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मिळत नाहीत; त्या प्रत्यारोपणातूनच येतात. मोठा संसर्ग व्हायच्या आत प्रत्यारोपण झालं तर बाळ वाचण्याची शक्यता खूप जास्त असते.

बीसीजी (क्षयाची लस) जिवंत जंतूंची असते, अशा बाळाला तिचाच संसर्ग होऊ शकतो; म्हणून जन्मतः दिलेल्या बीसीजीच्या जागी गाठ किंवा पू दिसतोय का, काखेत गाठ लागते का, ते रोज बघा आणि डॉक्टरांना सांगा. पोलिओचे, रोटाव्हायरसचे (जुलाबाच्या विषाणूवरच्या लशीचे) थेंबही जिवंत विषाणूंचे, ते अजिबात नकोत. रक्त चढवायचं झालं तर विकिरण केलेलंच (दात्याच्या पांढऱ्या पेशी निष्क्रिय केलेलं) मागा.

खर्चासाठी २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईच्या केईएम रुग्णालयात चौकशी करा. आजच जा, प्लीज.