एल-ब्रॅकेट: मेश बारीक करत गेलं की कोपऱ्यातला स्ट्रेस वाढतच जातो, नेमका आकडा कुठला धरायचा?

प्रश्न: पट्टी_दहा

भिंतीला बोल्टने बसणाऱ्या एल-ब्रॅकेटचं स्ट्रेस ॲनालिसिस फ्रीकॅडमध्ये चालू आहे (मॉडेलचे छोटे तुकडे म्हणजे एलिमेंट, त्यांचं जाळं म्हणजे मेश, हिशेब करणारा सॉल्व्हर कॅल्क्युलिक्स). प्लेट आयएस २०६२ ई२५० (साधं स्ट्रक्चरल पोलाद), जाडी १० मिमी, रुंदी ६० मिमी. उभा पाय १०० मिमी उंच, आडवा पाय त्याच्या खालच्या टोकापासून बाहेर येतो. उभ्या पायात, तळापासून ६० मिमी उंचीवर, शेजारी शेजारी दोन ११ मिमीची भोकं, एम१० बोल्टसाठी. भार १२०० न्यूटन खाली, उभ्या पायाच्या आतल्या फेसपासून १०० मिमीवर. वर तेलाची टाकी बसणार, भार स्थिर. दिवसातून फार तर एकदा ती भरते आणि रिकामी होते.

दोन्ही भोकांच्या आतल्या गोल फेस फिक्स केल्या आहेत. एलिमेंट सेकंड ऑर्डर टेट्रा (चार फेसचे, कडांच्या मध्यावरही नोड असलेले). आतला कोपरा शार्प, ९० अंश. त्या कोपऱ्यातला सर्वांत मोठा व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस एकत्र करून यील्डशी ताडायचा आकडा):

४ मिमी मेश: १६५ मेगापास्कल
२ मिमी: २२१
१ मिमी: ३०४
०.५ मिमी: ४१७

टोकाचं डिफ्लेक्शन मात्र चारही वेळा १.०४ मिमीच. ई२५० चा यील्ड (पोलाद कायमचं वाकायला लागतं तो स्ट्रेस) २५० धरला तर ४ मिमीच्या मेशमध्ये ब्रॅकेट पास आणि १ मिमीत नापास. यातला खरा आकडा कुठला?

---

उत्तर: हातचा_हिशेब

चारपैकी एकही नाही. तुमचे आकडे ओळीने भागून पाहा: २२१ भागिले १६५ म्हणजे १.३४, पुढे १.३८, मग १.३७. एलिमेंट निम्मं केलं की स्ट्रेस दर वेळी जवळपास १.३७ पट होतोय. शार्प ९० अंशाच्या आतल्या कोपऱ्याचं इलॅस्टिसिटीतलं उत्तर नेमकं हेच सांगतं: कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या ०.४५६ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात स्ट्रेस वाढतो, आणि २ चा ०.४५६ वा घात म्हणजे १.३७. सॉल्व्हर बरोबर आहे, मेशही बरोबर आहे. मॉडेलमध्ये त्या रेषेवरचा स्ट्रेस मुळातच अनंत आहे आणि तुम्ही त्याच्या दिशेने एक एक पायरी चढताय. ०.२५ मिमीला ५७० च्या आसपास येईल, तिथेही थांबणार नाही.

डिफ्लेक्शन हलत नाही, कारण ते सगळ्या पट्टीच्या वाकण्यातून येतं, एका रेषेवरच्या स्ट्रेसमधून नाही. म्हणून "डिफ्लेक्शन स्थिर झालं, म्हणजे मेश पुरेसा" हा निकष स्ट्रेससाठी चालत नाही.

आधी कागदावरचा हिशेब. आडव्या पायाच्या मुळाशी मोमेंट १२०० × १०० = १,२०,००० न्यूटन-मिमी. सेक्शन मॉड्युलस ६० × १० × १० ÷ ६ = १००० घन मिमी. वाकण्याचा स्ट्रेस १२० मेगापास्कल. कोपऱ्यापासून एक जाडी दूर, म्हणजे १० मिमीवर, मॉडेलमध्ये वरच्या फेसवर १०८ च्या आसपास यायला हवा (तिथे हात, म्हणजे भारापर्यंतचं अंतर, ९० मिमीचा). तो येत नसेल तर भार, युनिट किंवा जाडी यांत कुठेतरी घोळ आहे. कोपऱ्याचा विचार नंतर.

हा पडताळा घेताना व्हॉन मिसेस वाचू नका, मॅक्स प्रिन्सिपल (त्या जागी कुठल्याही एका दिशेतला सर्वांत मोठा स्ट्रेस) वाचा. रुंदी जाडीच्या सहापट असल्याने पट्टीच्या मधल्या भागाला आडवं आकसता येत नाही. तिथे रुंदीच्या दिशेनेही स्ट्रेस उभा राहतो आणि व्हॉन मिसेस वाकण्याच्या स्ट्रेसच्या ८९ टक्क्यांपर्यंत उतरतो. हा फरक मेशच्या चुकीचा समजून लोक विनाकारण मेश बारीक करत बसतात.

---

उत्तर: मेश_मास्तर

कोपरा शार्प असूच शकत नाही, हा मुख्य मुद्दा. १० मिमीची प्लेट प्रेस ब्रेकवर (प्लेट वाकवायच्या मशीनवर) वाकवणार असाल तर आतली त्रिज्या साधारण जाडीइतकी, म्हणजे १० मिमी येईल. त्याहून बरीच कमी मागितली तर बाहेरच्या बाजूला, विशेषतः वाकाची रेषा रोलिंगच्या दिशेला समांतर असेल तर, भेगा जाण्याची भीती. म्हणून ड्रॉइंगवर आतली त्रिज्या लिहा आणि तीच मॉडेलमध्ये द्या.

त्रिज्या आली की स्ट्रेसला ठाम उत्तर मिळतं आणि तेही हाताने तपासता येतं. वक्र बीमच्या सूत्राने, मध्यरेषेवरचा मोमेंट १२०० × १०५ = १,२६,००० धरून:

आतली त्रिज्या १० असेल तर आतल्या फेसवर साधारण १६२ मेगापास्कल, म्हणजे सरळ पट्टीच्या १.२९ पट.
आतली त्रिज्या ५ असेल तर साधारण १९२, म्हणजे १.५२ पट.

गोलाईवर सेकंड ऑर्डर एलिमेंट असतील तर ९० अंशांच्या कमानीत निदान ६ ते ८ बसले पाहिजेत. १० मिमी त्रिज्येची कमान १५.७ मिमीची, म्हणजे तिथे २ मिमी मेश पुरतो. ५ मिमीला १ मिमी. बाकी ब्रॅकेटला ४ मिमी खुशाल ठेवा, फक्त गोलाईच्या फेसवर मेश रिफाइनमेंट लावा. मग त्या फेसवरचा मेश निम्मा करून पाहा. फरक ५ टक्क्यांच्या आत आला की थांबा.

एलिमेंटची ऑर्डर चुकून पहिली होऊ देऊ नका. जाडीत एक-दोनच थर असलेला फर्स्ट ऑर्डर टेट्रा वाकताना फार ताठ वागतो. डिफ्लेक्शन आणि स्ट्रेस दोन्ही कमी दाखवतो, म्हणजे चूक होते ती नेमकी धोक्याच्या बाजूला.

---

उत्तर: नट_वॉशर

कोपऱ्याच्या नादात सपोर्टकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. माझ्या मते या मॉडेलमधली मोठी चूक तिथे आहे.

भोकांच्या फेस फिक्स केल्या आणि मागे भिंतच नाही. म्हणजे ब्रॅकेट दोन भोकांवर हवेत लटकतोय. त्यामुळे उभ्या पायात कोपऱ्यापासून भोकांपर्यंत मोमेंट जवळपास तसाच, १,२६,००० राहतो. १.०४ चं डिफ्लेक्शन यातूनच येतं: आडव्या पायाचं स्वतःचं ०.३८ मिमी, आणि उभा पाय वाकून कोपरा फिरल्यामुळे सुमारे ०.६३. बेरीज १.०१. आकडा जुळला, पण चुकीच्या ब्रॅकेटसाठी जुळला.

भोकांच्या रेषेवर रुंदी ६० मधून २२ वजा जाऊन ३८ उरते. तिथे तुमच्या मॉडेलमध्ये नुसता सरासरी स्ट्रेसच २०० च्या घरात जाईल, आणि फिक्स केलेल्या कडेवर वर आणखी एक शार्प कोपऱ्यासारखाच खोटा लाल ठिपका.

खरी भिंत ब्रॅकेटच्या टाचेला (उभ्या पायाच्या मागच्या, खालच्या कडेला) दाबून धरते. पाठीमागच्या फेसला फक्त दाब घेणारा कॉन्टॅक्ट द्या: भिंत म्हणून एक जाड ठोकळा, तो फिक्स, दोघांत घर्षणाशिवाय कॉन्टॅक्ट. बोल्टच्या जागी भोकाभोवतीच्या वॉशरच्या गोल पट्टीवर (एम१० साठी बाहेरचा व्यास २० मिमी) भिंतीच्या दिशेचं विस्थापन रोखा आणि उभा भार घ्यायला भोकाची आतली फेस खाली-वर रोखा. बोल्टचा खरा प्रीलोड (आवळल्यामुळे त्यात आलेला ताण) टाकायचा असेल तर तोही टाका, पण या कामाला इतकं पुरतं. आता उभ्या पायातला मोमेंट टाचेपासून वर जाताना घटत जातो. वॉशरने नीट पकडलेल्या जागी तो निम्म्याच्या आसपास आणि उलट दिशेने येतो. डिफ्लेक्शन ०.५५ ते ०.६ मध्ये यायला हवं.

बोल्टचा हिशेब कागदावरच करा. टाचेभोवती मोमेंट १२०० × ११० = १,३२,०००. बोल्ट ६० मिमीवर, म्हणून दोघांत मिळून २२०० न्यूटन. पण मेश_मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे प्लेट वाकवली तर बाहेरची त्रिज्या २० मिमी होते! तळाचे २० मिमी भिंतीला टेकतच नाहीत, हात ४० मिमीचाच उरतो आणि बोल्टांवर ३३०० न्यूटन येतात, प्रत्येकी १६५०. ८.८ ग्रेडचा एम१० साधारण ५० न्यूटन-मीटरने आवळला तर प्रीलोड २५,००० न्यूटनच्या आसपास असतो, त्यामुळे बोल्टची काळजी नाही. भिंत विटांची असेल तर मात्र ॲंकरची काळजी करा.

---

उत्तर: रविवारचा_सॉल्व्हर

एवढं करायची गरज काय? कोपऱ्याच्या जवळचे दोन-तीन एलिमेंट सोडून पुढचा आकडा घ्यायचा. सगळे तसंच करतात.

---

उत्तर: हातचा_हिशेब

४ मिमीच्या मेशमध्ये तीन एलिमेंट म्हणजे १२ मिमी, ०.५ च्या मेशमध्ये दीड मिमी. तेवढ्याने उत्तर कुठल्या कुठे जातं. अंतर मोजायचं तर जाडीच्या मापात मोजा, एलिमेंटच्या नाही.

शिवाय तो ठिपका सोडून द्यायचा की नाही, हे भारावर ठरतं. स्थिर भार आणि ई२५० सारखं मऊ पोलाद असेल तर कोपऱ्यातलं थोडं स्थानिक यील्ड ब्रॅकेटला मारत नाही. पूर्ण सेक्शन प्लॅस्टिक व्हायला ३,७५,००० न्यूटन-मिमी लागतात (२५० × ६० × १०० ÷ ४) आणि आपल्याकडे १,२६,००० आहेत, जवळजवळ तिप्पट मार्जिन. पण याच ब्रॅकेटवर उद्या कुणी १४४० आरपीएमची मोटर बसवली तर सेकंदाला २४ चक्रं. २० लाख चक्रं (फटीगची, म्हणजे थकव्याची, ताकद मोजायचा नेहमीचा आकडा) २४ तासांच्या आतच पूर्ण होतात, आणि तडा त्याच सोडून दिलेल्या कोपऱ्यात सुरू होतो.

---

पट्टी_दहा

आतली त्रिज्या १० केली, भिंतीचा कॉन्टॅक्ट दिला, वॉशरची पट्टी पकडली. गोलाईवर मॅक्स प्रिन्सिपल: २ मिमीला १५७, १ मिमीला १६१, ०.५ ला १६२. डिफ्लेक्शन ०.५८. रिॲक्शनची बेरीज १२००.

एक शंका राहिली. वर्कशॉपवाले म्हणतात वाकवण्यापेक्षा दोन पट्ट्या वेल्ड करू. मग गोलाई कुठली द्यायची?

---

उत्तर: वेल्ड_टो

कुठलीच नाही. वेल्डच्या टोकाची (टोची, म्हणजे वेल्ड प्लेटला मिळतो त्या कडेची) खरी त्रिज्या जागोजागी बदलते, ती मॉडेलमध्ये काढून काही हाती लागत नाही. ६ मिमी लेगचा (बाजूचा) फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला त्रिकोणी वेल्ड, ४५ अंशांत, त्रिज्येशिवाय काढा. टोवर आकडा पुन्हा मेशप्रमाणे चढेल, तो वाचूच नका. आडव्या पायाच्या वरच्या फेसवर टोपासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर, म्हणजे ४ आणि १० मिमीवर स्ट्रेस वाचा. पहिल्याला १.६७ ने गुणा, त्यातून दुसऱ्याचे ०.६७ पट वजा करा. हा झाला हॉट स्पॉट स्ट्रेस. इतक्या साध्या पट्टीत तो हातच्या हिशेबाशीच जुळेल: टो फेसपासून ६ मिमीवर, हात ९४, म्हणजे ११३ मेगापास्कल.

तुमच्या टाकीची चक्रं मोजली तर दहा वर्षांत चार हजारही होत नाहीत. भार वाहणाऱ्या फिलेटचा हॉट स्पॉटसाठीचा फटीगचा वर्ग फॅट ९०, म्हणजे २० लाख चक्रांना ९० मेगापास्कलची रेंज. चार हजार चक्रांना ११३ ची रेंज त्याला किरकोळ आहे.

मेशपेक्षा ड्रॉइंगकडे लक्ष द्या. वेल्ड वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा. एकाच बाजूने केला तर मोमेंट वेल्डच्या मुळाला उघडतो, आणि मुळातला तडा बाहेरून दिसत नाही. खालून वेल्ड बसवायला उभी पट्टी आडव्याच्या खाली २० मिमी वाढवा. मग टाचही २० मिमी खाली जाते, बोल्टचा हात ८० मिमी होतो आणि नट_वॉशर यांचे दोन्ही बोल्टांवरचे मिळून ३३०० न्यूटन १६५० वर येतात.