‘मेंबर’ला मराठीत काय म्हणावं? एका मेनोनाइट मृत्युलेखावरून

गव्हाळ:
मी कॅन्ससमध्ये गोसेलजवळ राहते. शेजारच्या आजी गेल्या महिन्यात वारल्या. त्या मेनोनाइट, म्हणजे मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातल्या. अकरा वर्षांचा शेजार होता. माझी आई साताऱ्याहून दोनदा इथे येऊन राहिली, तेव्हा दोघी अंगणात मटार सोलत बसायच्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण कधी अडलं नाही.

अंत्यविधीत आजींच्या आयुष्याचा वृत्तांत वाचला, तो आईसाठी मराठीत करतेय. याचा साचा ठरलेला असतो: जन्म, आईवडील, बाप्तिस्मा, लग्न, मुलंबाळं, मग ‘मरेपर्यंत मेनोनाइट चर्चच्या फेथफुल मेंबर होत्या’ आणि शेवटी वय. त्यांच्या मुलीने आजींच्याही आजीच्या मृत्युलेखाचं जुनं कात्रण दाखवलं. त्यात वय ‘७४ वर्षे, २ महिने, ९ दिवस’ असं मोजून दिलंय.

मी लिहिलं, ‘आमरण निष्ठावंत सभासद’. फोनवर वाचून दाखवलं तर आई म्हणाली, “सभासद कसल्या, पतपेढीच्या? आणि आमरण म्हणजे उपोषणाला बसल्या होत्या का गं?” तिला खरंच कळलं नव्हतं. काय लिहू?

शब्दसखा:
‘आमरण’ उपोषणाने नेलं आणि ‘निष्ठावंत’ राजकारणाने, ते दोन्ही काढा. ‘अखेरपर्यंत एकनिष्ठ’ म्हणा. ‘सभासद’ मात्र निर्दोष शब्द आहे. सभेत बसणारा तो सभासद. पतपेढ्यांनी वापरला म्हणून आपण का सोडायचा?

नगरी:
आमच्या नगरच्या चर्चमध्ये ‘मंडळीचे सभासद’ असंच म्हणतात, माझ्या पणजोबांपासून. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं, म्हणजे पतपेढ्यांच्या कितीतरी आधी. तरी ताई, आईंसाठी लिहिताय तर नामच गाळा. ‘त्या शेवटपर्यंत मेनोनाइट मंडळीतल्या होत्या.’ मंडळी म्हणजे इमारत नव्हे, माणसं.

जर्मनवर्ग:
नगरींचं ‘मंडळी’ अगदी बरोबर. मेनोनाइट लोक जर्मनमध्ये ‘गेमाइंडे’ म्हणत, त्याचा अर्थ हाच.

पण ‘मंडळीतल्या’ म्हटलं की माणूस त्या घरात जन्मला म्हणून त्यातला, असं वाटतं. इथे नेमकं उलटं आहे. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी मोठेपणी, स्वतः ठरवून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्या पंथाची सुरुवात तिथली. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं. ज्याच्यावरून ‘मेनोनाइट’ हे नाव पडलं तो मेनो सायमन्स पुढचा, आजच्या नेदरलँड्समधल्या फ्रिसलंडचा. तो कॅथलिक धर्मगुरू होता आणि १५३६ मध्ये बाहेर पडला. म्हणजे ‘मेंबर’ होणं ही जिवावरची गोष्ट होती. मृत्युलेखात बाप्तिस्म्याचं साल म्हणूनच आवर्जून येतं.

आणखी एक. जर्मन ‘मिटग्लीड’मधला ‘ग्लीड’ म्हणजे शरीराचा अवयव. डच ‘लिडमाट’मधला ‘लिड’ तोच, आणि इंग्रजी ‘मेंबर’ही मुळात अवयवच. बायबलमधल्या पौलाच्या पत्रातली ‘एक शरीर, पुष्कळ अवयव’ ही कल्पना या शब्दात आहे. ‘सभासद’मध्ये शरीर नाही, खुर्ची आहे.

शब्दसखा:
मग काय ‘मंडळीच्या एकनिष्ठ अवयव’ लिहायचं? लोकांना अवयवदान आठवेल.

जर्मनवर्ग:
नको. पण ‘अंगीकार’ आहे ना! अंग त्यात आहेच. ‘अमुक साली त्यांनी मेनोनाइट विश्वासाचा अंगीकार केला आणि तो अखेरपर्यंत जपला.’ स्वतः घेतलेला निर्णय येतो आणि शरीरही येतं.

सामवेदी:
सुंदर वाक्य आहे, पण साताऱ्याच्या आईला ‘अंगीकार’ परीक्षेच्या पुस्तकातला वाटेल.

एक शंका. बाप्तिस्म्याला आम्ही वसईत ‘स्नानसंस्कार’ म्हणतो. मराठी शब्द असताना तो का वापरत नाही कुणी?

नगरी:
कारण स्नान कुठेय त्यात? आमच्याकडे तर डोक्याला नुसतं पाणी लावतात.

गव्हाळ:
आजींच्या मंडळीतही डोक्यावर पाणी ओततात. मेनोनाइट ब्रदरन म्हणून शाखा आहे, १८६० मध्ये रशियात वेगळी झालेली, ते पूर्ण बुडी देतात. आजींच्या नणंदेने तिथे लग्न केलं तेव्हा तिला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागला. ते दुःख आजींनी मला दोनदा सांगितलं. म्हणून मी ‘बाप्तिस्मा’च ठेवते. स्नान म्हटलं तर त्या वादात मी एक बाजू घेतल्यासारखं होईल.

सामवेदी:
ओतणं हेही स्नानच. अभ्यंगाला कुणी विहिरीत उडी मारत नाही.

शब्दसखा:
नावाआधी ‘कै.’ लावा हो, सगळे लावतात. रूढ झालं की कैलास कुठला हे कोणी बघत नाही.

नगरी:
आम्ही बघतो. माझ्या वडिलांच्या श्रद्धांजलीच्या फलकावर कुणीतरी ‘कै.’ रंगवून आणलं होतं. माझी आई काही बोलली नाही. पदर ओला करून तेवढंच अक्षर पुसत राहिली, रंग ओला होता म्हणून निघालं. ‘ख्रिस्तवासी’ शब्द आहे, तो वापरावा.

शब्दसखा:
नगरी, चुकलं माझं. मागे घेतो.

रायपूरकर:
आमच्या छत्तीसगढात मेनोनाइट आहेत बरं का. १८९७ च्या दुष्काळानंतर अमेरिकेहून आले, १८९९ मध्ये धमतरीला मिशन सुरू झालं. धमतरीच्या मिशन हॉस्पिटलात माझ्या मावशीचं ऑपरेशन झालं होतं. तिथल्या एक वृद्ध सिस्टर वारल्या तेव्हा आम्ही मातीला गेलो. सगळे हिंदीत म्हणत होते, “प्रभु में सो गईं.” ‘गुजर गईं’ कोणी म्हणालं नाही. मराठीत याला काय?

नगरी:
‘प्रभूमध्ये निजल्या’. लिहिताना ‘महानिद्रा’, तो मराठी बायबलातलाच शब्द आहे.

जर्मनवर्ग:
इंग्रजीत दफनभूमीला ‘सेमेटरी’ म्हणतात, तो शब्द ग्रीकमधून आला. त्याचा अर्थ झोपण्याची जागा.

सामवेदी:
‘निजल्या’ गोड आहे. ‘महानिद्रा’त मोठेपणा आहे, झोप नाही.

ताई, दिवसांपर्यंत वय का मोजत? पत्रिकेसारखं वाटतं.

गव्हाळ:
मला आवडतं ते. ९० व्या स्तोत्रात ‘आमचे दिवस गणायला शिकव’ अशी प्रार्थना आहे, ती आजींच्या फ्रिजवर जर्मनमध्ये लावलेली होती. १८६४ पासून निघालेल्या ‘हेरल्ड ऑफ ट्रुथ’ या मेनोनाइट नियतकालिकातले मृत्युलेख चाळले. दोन महिन्यांच्या बाळालाही तेवढेच दिवस मोजून दिलेत. नवऱ्याची शेती किती, घर केवढं, याचा कुठे उल्लेख नाही. या लोकांचे पूर्वज १८७४ मध्ये मोलोच्नाहून, म्हणजे आजच्या युक्रेनमधून, गावच्या गाव उठून इथे आले. आजींच्या वृत्तांतात त्याला अर्धी ओळ होती.

सामवेदी:
अंत्यविधीनंतर जेवायला काय असतं? आमच्याकडे अजून तेवढाच मोठा प्रश्न असतो.

गव्हाळ:
चर्चच्या तळघरात ‘फास्पा’ होते: कॉफी, चीज, साखरेचे खडे आणि त्स्वीबाक. त्स्वीबाक म्हणजे दुमजली पाव. मोठ्या गोळ्यावर लहान गोळा ठेवून अंगठा पार खालपर्यंत दाबायचा, नाहीतर भट्टीत वरचा घसरतो. आजींनी शिकवलं तेव्हा माझे सगळे घसरले होते. त्या दिवशी तळघरात त्यांच्या नातीने केलेले होते. मी दोन खाल्ले आणि एक रुमालात बांधून घरी आणला.

वृत्तांत शनिवारी पाठवायचाय. सध्या ‘सभासद’वर काट मारलीय, वर ‘मंडळीतल्या’ लिहिलंय आणि समोर समासात ‘अंगीकार’.

सामवेदी:
पिठात दूध की पाणी?