आवाज मध्येच बारीक होतो आणि लॅपटॉप जोडला की घुमतो: ऑसिलोस्कोपशिवाय दोष शोधता येईल का?

प्रश्न
मायक्रोफोन, छोटा मिक्सर आणि पॉवर्ड स्पीकर एवढीच माझी मांडणी आहे. हल्ली बोलता बोलता आवाज एकाएकी बारीक होतो. शिवाय मिक्सरला लॅपटॉप जोडला की सतत जाड ‘हम्म’ ऐकू येते. हाताशी साधा मल्टिमीटर, मोबाइल आणि हेडफोन आहेत; ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण, नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १
हे दोन वेगळे दोष आहेत असे आधी धरून चाला, नाहीतर एकाचा माग काढताना दुसरा दिशाभूल करील. मोबाइलवरून १ किलोहर्ट्झचा सूर मिक्सरच्या लाइन इनपुटला द्या आणि मिक्सरलाच हेडफोन लावून बराच वेळ ऐका. तेथे सूर स्थिर असून स्पीकरमध्ये डळमळत असेल, तर दोष मिक्सरच्या पुढे आहे; दोन्हीकडे स्थिर असेल, तर मायक्रोफोन किंवा त्याची केबल तपासावी.

केबल दोन्ही टोकांनी सोडवून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. एक्सएलआरच्या (मायक्रोफोनच्या तीन पिनी प्लगच्या) पिन १, २ आणि ३ समोरच्या टोकाच्या त्याच क्रमांकाशी जुळल्या पाहिजेत, आपसांत मात्र नाही. मीटर वाजत असताना प्लगजवळची वायर हळूहळू वाकवून पाहा, कारण सरळ ठेवलेली केबल बहुधा निर्दोषच भासते. माझ्या एका केबलचे वरचे आवरण अखंड होते आणि आतली तार प्लगपासून दोन बोटांवर तुटलेली होती. पिन २ किंवा ३ ची तार सुटली, तर आवाज पूर्ण बंद न पडता अनेकदा नुसताच बारीक आणि पोकळ होतो. तुमचे वर्णन त्याच्याशी जुळते.

उत्तर २
घुमण्याबद्दल: लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहा. ‘हम्म’ थांबली, तर ग्राउंड लूपची शक्यता सर्वांत जास्त आहे, म्हणजे दोन्ही उपकरणे विजेच्या अर्थिंगमधून आणि ऑडिओ केबलच्या शील्डमधून (आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या आवरणातून) अशी दोनदा जोडली जाऊन शील्डमधून नको असलेला प्रवाह वाहतो. दोन्हींना एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून वीज द्या. तरीही भागले नाही, तर मध्ये १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांची थेट जोड न ठेवता फक्त सिग्नल पुढे देणारा) लावा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नका. घुमणे थांबेल, पण बिघाड झाल्यास धातूच्या खोक्यात वीज उतरू शकते.

उत्तर ३
पहिल्या उत्तराला एक पुरवणी. १ किलोहर्ट्झचा सूर कानाला ठीक आहे, परंतु स्वस्त मल्टिमीटरचे एसी माप काही शे हर्ट्झच्या वर भरवशाचे राहत नाही. व्होल्टेज मोजायचे असल्यास १०० हर्ट्झच्या आसपासचा सूर वापरावा. घरगुती उपकरणांची लाइन पातळी (एका उपकरणातून दुसऱ्यात जाणाऱ्या सिग्नलचे व्होल्टेज) सुमारे ०.३ व्होल्ट असते, त्यामुळे ज्या मीटरची सर्वांत लहान एसी रेंजच २०० व्होल्टची आहे, त्यावर काहीच कळणार नाही. बॅटरीवर चालणाऱ्या लहान अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरच्या इनपुटच्या तारेत डीसी (एकाच दिशेचा स्थिर प्रवाह) अडवण्यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की त्याच तारेने सिग्नल एकेका जॅकवर ऐकता येतो. मात्र विजेच्या बाजूला ती तार कधीही लावू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. मायक्रोफोनच्या केबलमध्ये पिन ३ ची तार प्लगजवळ वाकवताच तुटत होती. तेवढा भाग कापून पुन्हा सोल्डर केला. ‘हम्म’ चार्जर काढताच गेली, पण एकाच बोर्डवर जोडूनही चार्जर लावला की ती परत येते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मिळेपर्यंत लॅपटॉप बॅटरीवरच चालवीन.