१६०० येनचं भांडण, ५८०० ची टॅक्सी. पैसे कोणी द्यायचे?

उनाड_पावलं:
मंडळी, एक निवाडा हवाय. आम्ही चार मित्र टोकियोला गेलेलो, हॉटेल स्वस्त पडलं म्हणून राहिलो कावासाकीत आणि रात्री जेवायला गेलो शिंजुकूला. एका इझाकायात (दारू आणि सोबत खायला मिळतं असं जपानी हॉटेल) बसलो तर बसल्या बसल्या वेट्रेसने न मागता चार छोट्या वाट्या आणून ठेवल्या, काळपट समुद्री शेवाळ आणि वर गाजराचे दोन-चार धागे. आम्हाला वाटलं पाहुणचार, चाटूनपुसून खाल्लं. बिलात माणशी ४०० येन! झालं, आमचा एक मित्र (ट्रिपचा खजिनदार तोच) हटूनच बसला, मागवलं नाही तर पैसे का द्यायचे. ह्याला जपानी येत नाही, तिला इंग्रजी येत नाही, मोबाईल दोघांच्या तोंडासमोर इकडून तिकडे फिरतोय, ती दर वेळी वाकून सॉरी म्हणतेय पण बिल काही हलत नाहीये. अर्धा तास हेच. शेवटी भरलेच १६००. मग धावत स्टेशन, यामानोते लाइन मिळाली म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या, आणि शिनागावाला उतरलो तर पुढची कावासाकीची शेवटची गाडी गेलेली. टॅक्सी ५८०० येन. खजिनदार म्हणतो चौघांत वाटू, बाकीचे दोघं म्हणतात तुझ्यामुळे झालं, तूच भर. तीन दिवस झाले, ग्रुपवर कोणी फोटोसुद्धा टाकेना.

टोकियोकर:
ती वाटी म्हणजे ओतोशी. ओसाकाकडे त्सुकिदाशी म्हणतात. बसायचे पैसे समजा, फसवणूक नाही ती. इथे टिप द्यायची पद्धत नाही, हे मात्र द्यावं लागतं. काही ठिकाणी बसतानाच नको म्हटलं तर ऐकतात, पण वाटी रिकामी करून वाद घालायचा म्हणजे कमालच. आणि शाकाहारी लोकांनी सांभाळून, साधं भाजीचं दिसलं तरी त्यात बहुतेक वेळा दाशी, म्हणजे माशाचं सूपसारखं पाणी, असतं.
दुसरं, रात्री उशिरा नुसती गाडी मिळाली यावर खूश होऊ नका, यामानोतेच्या शेवटच्या काही गाड्या शिनागावा नाहीतर ओसाकीलाच संपतात. शेवटची गाडी बघताना हॉटेलपर्यंतचा पूर्ण रूट टाकून बघायचा. टॅक्सी रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के महाग असते ते वेगळंच.

झोपाळू:
टॅक्सी कशाला केली पण? आमची अशीच चुकली तेव्हा आम्ही कराओकेची खोली घेतली पहाटेपर्यंत, साडेचार-पाचला पहिली गाडी. दोघं गायले, दोघं सोफ्यावर आडवे. पाठ आठवडाभर धरली होती ते सोडा.

काकडी_कोशिंबीर:
माझा प्रश्न वेगळाच आहे. तो अर्धा तास भांडत होता तेव्हा तुम्ही तिघं काय करत होतात? घड्याळ एकाच्याही हातात नव्हतं? माझ्या मते चौघांत वाटा. फक्त ते १६०० वाचवायला निघालेल्याला पुढच्या ट्रिपला खजिनदार करू नका.

उनाड_पावलं:
@काकडी_कोशिंबीर खरं सांगू का, मी व्हिडिओ काढत होतो 🙈 बरं, माझे १४५० मी आत्ताच पाठवतो त्याला. व्हिडिओ ग्रुपवर टाकू का नको तेवढं सांगा.