वादळात शीड हाकताना: कामाचे अनुभव लिहा

रात्रभर खिडकी धडधडत होती, आणि सैल शिडाची ती फडफड आठवली. म्हणून धागा.

सुरुवात रीफपासून, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शिडाचा खालचा भाग दुमडून ते लहान करणं. ‘घ्यावा का रीफ?’ असं मनात आलं की घ्यायची वेळ झालेली असते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो; 15 नॉटचे (ताशी सागरी मैल) 21 झाले की शिडावरचा भार दुप्पट. मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) आणि वँग (शिडाखालचा आडवा दांडा खाली ओढून धरणारी दोरी) सोडा, हॅल्यार्ड (शीड वर चढवायची दोरी) उतरवा, शिडाची पुढची कडी हुकात अडकवा, हॅल्यार्ड ताणा, मग मागची रीफलाइन, म्हणजे शिडाची मागची कड खाली ओढणारी दोरी. वँग न सोडता विंच (दोरी ताणायचं चक्र) फिरवलीत तर शीड फाटलंच म्हणून समजा.

—

रीफ घेतल्यावर शिडाच्या मधल्या भोकांतल्या दोऱ्या सैलच बांधा!! लोंबतं कापड आवरण्यापुरत्या त्या. रीफ सोडताना आधी त्या सोडायच्या, नाहीतर टरर्र.

—

जॅकलाइन (डेकवर लांबीने बांधलेली, स्वतःला अडकवून घ्यायची दोरी) चपट्या पट्टीचीच. गोल दोर पायाखाली लाटण्यासारखा फिरतो. आणि डेकवर टेदर (आपल्याला जॅकलाइनशी जोडणारा पट्टा) आखूड, एक मीटरचा. दोन मीटरच्या टेदरने माणूस कठड्याबाहेर लोंबकळतो, त्याला ओढून घेणं महाकठीण.

—

कपडे वाळत घालता घालता लिहितेय. डिझेल विसरू नका. लाटांनी टाकीच्या तळचा गाळ ढवळतो, फिल्टर तुंबतो, आणि इंजिन बंद पडतं ते नेमकं बंदराच्या तोंडाशी. जादा फिल्टर हवेतच, पण फिल्टर बदलल्यावर इंधनातली हवा काढायचा स्क्रू कुठे आहे तेही आधी हाताने चाचपून ठेवा.

—

हीव्ह-टू, म्हणजे वादळात बोट जवळपास थांबवून धरणं: जिब (पुढचं शीड) उलट्या बाजूला ताणलेली, मेन (मोठं शीड) रीफ केलेलं, टिलर (सुकाणूचा दांडा) वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधलेला. सुकाणूला चाक असेल तर ते वाऱ्याच्या बाजूला फिरवायचं. इथे हमखास घोळ होतो. बोट तरी हळूहळू वाहवतेच, त्यामुळे वाहवण्याच्या दिशेला किनारा जवळ असेल तर नकोच.

—

@वरचे, उथळ तळाच्या नि अरुंद कीलच्या (तळाखालच्या पात्याच्या) बोटी अशा थांबतातच असं नाही. शांत दिवशी करून बघा.

—

बोट सोडून जीवरक्षक तराफ्यात जायची घाई नको. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 24 बोटी सोडून दिल्या, बुडाल्या त्यांतल्या 5. बोट इतकी बुडाली की तराफ्यात वर चढून जायची वेळ आली, तरच जायचं.

—

उलटीच्या गोळीचं कोणीच नाही बोललं? निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही.

—

आणि गोळीने झोप लागली तर पहारा कोण देणार :)

—

म्हणून आधी जमिनीवर घेऊन बघायची हो.

—

परत रीफवर येतो. रीफलाइन वेगवेगळ्या रंगांच्या घेतात, पण अंधारात रंग कुठले दिसायला? शेपटाला गाठी मारा. पहिलीला एक, दुसरीला दोन.