पोर्टफोलिओत मेगास्कॅन्स वापरलेले चालतात का?

प्रश्न :
अनरिअल ५ या गेम इंजिनमध्ये कोकणातल्या घराचा सीन करतोय. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे अंगण आणि तुळशी वृंदावन. ज्युनिअर एन्व्हायर्नमेंट आर्टिस्टच्या (गेममधली ठिकाणं उभी करणाऱ्याच्या) जागेसाठी पाठवायचा आहे. गवत, दगड, झुडपं मेगास्कॅन्स या तयार थ्रीडी स्कॅन्सच्या लायब्ररीतली घेतलीत. मित्र म्हणतो, रेडिमेड दिसलं की नाव कटलंच. पण सगळं स्वतः करत बसलो तर सीन कधी संपायचा?

प्रतिसाद १ :
बिनधास्त वापर, पण परवाना वाचून घे. २०१९ मध्ये मेगास्कॅन्सवाली क्विक्सेल कंपनी अनरिअल बनवणाऱ्या एपिककडे गेल्यावर अनरिअलवाल्यांना ती लायब्ररी फुकट होती. २०२४ संपल्यापासून एपिकच्या फॅब या ऑनलाइन दुकानात बऱ्याच गोष्टींना पैसे पडतात.

प्रतिसाद २ :
आमच्याकडे येणारे पोर्टफोलिओ मी बघतो. मेगास्कॅन्सचे दगड आम्ही स्वतः रोज वापरतो, त्यामुळे ते लगेच ओळखू येतात आणि त्याबद्दल कोणी मार्क कापत नाही. गवत, खडी, पालापाचोळा खुशाल घे. पण ज्या कामासाठी नोकरी मागतोयस ते तुझ्या हातचं दिसायला हवं, आणि तुझ्या सीनमध्ये ते काम म्हणजे जांभा. त्याची भोकं, चिऱ्यावरचे तासल्याचे वण, सांध्यातला चुना हे सबस्टन्स डिझायनर या पृष्ठभागाची टेक्स्चर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः उभं कर. पागोळ्यांचं पाणी उडून जोत्याचा खालचा पट्टा काळा-हिरवा पडतो, तो शेवाळाचा थर व्हर्टेक्स पेंटने (मॉडेलच्या बिंदूंवर रंगवून) चढव. खांब, वासे, रिपा एका ट्रिम शीटवर, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या सामायिक टेक्स्चरवर, बसतील. कौल एकच मॉडेल कर, त्याचीच दोन-चार फुटकी रूपं काढ.

झाडांकडे मात्र नीट बघ. अंगणात ओकची वाळकी पानं पडलेली दिसली की कोकणातला माणूस तिथेच थांबतो. माड आणि केळ स्वतः कर.

चित्राखाली स्पष्ट लिही : गवत-दगड मेगास्कॅन्सचे, बाकी माझं. सोबत वायरफ्रेम (मॉडेलची नुसती जाळी) आणि टेक्स्चर शीट जोड. न सांगता वापरलेलं मुलाखतीत बाहेर येतंच, आणि मग तुझ्या स्वतःच्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही. हे होताना मी पाहिलंय, फार वाईट वाटतं.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. वृंदावन एका साइटवर तयार मिळतंय, ते घेऊ?

प्रतिसाद २ :
नको रे! नजर पहिली तिथेच जाणार. झेडब्रश या डिजिटल शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कल्प्ट कर, त्याचे बारकावे हलक्या लो-पॉली मॉडेलवर बेक कर म्हणजे उतरव आणि त्याचा वेगळा क्लोजअप लाव. वेळ कमी पडला तर मागची पडवी सोड, वृंदावन सोडू नकोस.